एकही थेंब वाया नको

वेणीमाधव गुरुजींची आणि माझी ओळख भांडणाने झाली. पाच वर्षांपूर्वी ते चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या लॅबमध्ये आले, मी तिला तिचं नाव विचारलं आणि ते माझ्यावर कडाडले. रामकुंडावर शंभर माणसांच्या गलक्यात संकल्प सांगणारा आवाज तो. बाकावरचे चारही पेशंट माना वळवून बघायला लागले.

"फॉर्मवर लिहिलंय ना नाव? वाचता येत नाही का?"

मी सायखेड्याची. समोरच्याने आवाज चढवला की आमचा आपोआप चढतो. "वाचता येतं, गुरुजी," मी म्हटलं. "पण फॉर्म चुकतो. नाव पेशंटच्या तोंडून घ्यायचं, असा नियम आहे. उद्या कलेक्टर आला तरी त्यालाही विचारणार."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तान्ह्या मुलांना लाळेरं बांधतात तसा तिच्या गळ्याला रुमाल बांधला होता. तिचे ओठ हलले, मान एका बाजूला ओढली गेली आणि आवाज आला तो "मुम्... मुम्म..." एवढाच. तिने परत प्रयत्न केला. मग डोळे खाली घातले.

"मृण्मयी," गुरुजी म्हणाले. आता त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं. "मृण्मयी वेणीमाधव क्षेमकल्याणी. गेल्या वर्षी ही वक्तृत्वात शाळेत पहिली आली होती हो."

मी लेबल लिहिलं. नियम बरोबर होता, माझंही काही चुकलं नव्हतं. तरी त्या दुपारी जेवणाचा डबा मला उघडवला नाही.

मृण्मयीचा आजार आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या खाण्यापिण्यातून थोडं थोडं तांबं पोटात जातं आणि जास्तीचं शरीर बाहेर टाकतं. लाखात दोन-तीन माणसांचं शरीर ते टाकत नाही. मग ते आधी लिव्हरमध्ये साठतं, नंतर मेंदूत. हात कापतात, अक्षर बिघडतं, जीभ जड होते आणि औषध लागू पडलं नाही तर माणूस जातो. डॉक्टरांनी तिला सुरुवातीला साठलेलं तांबं खेचून काढणाऱ्या कॅप्सूल दिल्या. त्यांनी कितीतरी माणसं वाचतात, पण एखाद्यालाच त्या उलटतात, आणि हिला उलटल्या. दहा दिवसांत होतं नव्हतं तेवढं बोलणं गेलं. घास गिळता येईना. पाच महिने ही मुलगी पाटीवर लिहून पाणी मागत होती, आणि लिहिणाऱ्या हाताचाही भरवसा नव्हता. शेवटी कॅप्सूल बंद करून झिंकच्या गोळ्या सुरू केल्या. झिंक तांब्याला आतड्यातच अडवतं. दिवसातून तीन गोळ्या, उपाशीपोटी, जन्मभर. हळूहळू एकेक शब्द परत आला. सगळ्यात शेवटी तिला स्वतःचं नाव घेता आलं.

भिक्षुकाच्या घरात तांब्याला काय तोटा! गुरुजींनी कळशी, तांबे, पंचपात्र, ताम्हण सगळं पोत्यात भरून भांडी बाजारात देऊन टाकलं. मुलीच्या तीर्थासाठी चांदीची पळी केली आणि स्वतः घाटावर स्टीलचा तांब्या घेऊन बसू लागले. बाकीचे गुरुजी त्यांना 'स्टील गुरुजी' म्हणून चिडवत. हे हसत नसत आणि रागावतही नसत. तीळ, शेंगदाणे, काजू, चॉकलेट तिला बंद, म्हणून घरात कोणीच खायचं नाही. पाच संक्रांती त्या घरात तिळगूळ झाला नाही.

आणि एक सवय त्यांना लागली होती. घाटावर यजमान समोर बसला की ते पहिल्यांदा विचारतात, नाव काय, गोत्र काय. घरी रोज सकाळी ते मुलीलाही तेच विचारायचे. जिभेला व्यायाम म्हणून हे सुरू झालं होतं. ती बरी झाली, कॉलेजात गेली, तरी थांबलं नाही. मृण्मयी मला एकदा म्हणाली, "बाबा नाव विचारतात ना ताई, आणि मी सांगेपर्यंत श्वासच घेत नाहीत. मला त्यांचीच काळजी वाटते."

माझं काम म्हणाल तर लघवीचं. नाक मुरडू नका, सतरा वर्षं त्यावर माझं घर चाललंय. माणूस डॉक्टरांना काय वाटेल ते सांगतो, पण औषध पोटात गेलं की नाही ते लघवीत दिसतं. आतड्याची भिंत गळते का, तेही दिसतं. त्यासाठी पेशंटला दोन साखरांचं पाणी पाजतात. एक साखर बारीक, ती भिंतीतून सहज जाते. दुसरी मोठी, तिने जाऊ नये. सहा तासांची सगळी लघवी जमवायची, मोठी साखर त्यात जास्त आली की समजायचं, भिंतीला भोकं पडलीत. तांब्याच्या चाचणीला चोवीस तासांची जमवावी लागते. आम्ही पाच लिटरचा कॅन देतो, परत आला की किती भरला ते मोजतो, नीट ढवळून छोटी बाटली भरतो आणि मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवतो. मृण्मयीची ही चाचणी दर सहा महिन्यांनी व्हायची. झिंकवर असलेल्या माणसाचा आकडा पंच्याहत्तरच्या आत हवा. तिचा पन्नाशीच्या आसपास असायचा.

प्रत्येकाला कॅन देताना मी तेच सांगते. सकाळची पहिली लघवी टाकून द्या, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी कॅनमध्ये, कॅन थंड जागी, आणि एकही थेंब वाया नको. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की म्हणताना मी दुसऱ्याच कामात असते.

यंदा एप्रिलमध्ये कॅन न्यायला गुरुजी स्वतः आले. एरवी मृण्मयीची आई, सरोजिनीताई, यायच्या. पण त्यांची शाळा ओझरला, तिथे परीक्षा चालू होत्या, त्यांना सुट्टी नव्हती. गुरुजींनी माझं सगळं बोलणं खिशातल्या डायरीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "मगातून कॅनमध्ये ओतायचं. पण मगाला लागलेलं राहतं, त्याचं काय करायचं?"

माझ्यासमोर रक्त द्यायला आलेले सहा जण उभे होते. मी मान वर न करता म्हटलं, "सांगितलं ना गुरुजी, एकही थेंब वाया नको."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

कॅन आला तो आमच्या गोटीरामने उचलून टेबलावर ठेवला. गोटीराम म्हणजे नमुन्यांच्या पेट्या नेणारा-आणणारा आमचा जुना माणूस, पुढच्या वर्षी रिटायर होईल. "लय जड हाय ओ मॅडम," तो म्हणाला. "पोरगी काय अख्खी टाकी पिऊन बसली व्हती का?"

मी मोजलं. दोन लिटर सहाशे. आदल्या खेपेला दीड लिटरसुद्धा नव्हतं. उन्हाळा आहे, पाणी जास्त प्यायली असेल, असं मनाशी म्हटलं आणि आकडा लिहून मोकळी झाले.

रिपोर्ट आला एकशे शहाण्णव.

मी मुंबईला फोन करून परत तपासायला लावलं. परत तेवढाच. डॉक्टरांनी त्या तिघांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं की झिंकवर असताना एवढं तांबं लघवीत येतं याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, गोळ्या पोटात जात नाहीत. मग आईबापांनी मुलीकडे पाहिलं. नंतर मृण्मयी मला म्हणाली की त्या बघण्याची तिला जेवढी भीती वाटली, तेवढी तांब्याचीही वाटली नव्हती.

"मी घेते," ती म्हणाली. "तीनही घेते."

एकोणीस वर्षांची मुलगी, कॉलेज, मैत्रिणी, डब्यातून लपवून गोळ्या काढायच्या, कंटाळा येणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. मीही धरलं. सतरा वर्षांत मी गोळ्या कुंडीत पुरणारे पाहिलेत, गादीखाली साठवणारे पाहिलेत. मला वाटलं, हीही त्यातलीच.

गुरुजींनी पहारा सुरू केला. घाटावरचं काम अर्धवट टाकून ते दुपारच्या गोळीला घरी येऊ लागले. गोळी स्वतः हातावर द्यायची, पाणी स्वतः द्यायचं, मग म्हणायचं, "तोंड उघड. जीभ वर कर." एकोणीस वर्षांच्या मुलीला! ती तोंड उघडायची. मृण्मयीला माझा राग येईल, पण लिहिते, मला तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

एका दुपारी ते लॅबमध्ये आले. बाकावर कोणी नव्हतं, तरी ते माझ्या कानाशी येऊन कुजबुजले. "साधनाताई, ती ओकते. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने बाथरूममध्ये जाते आणि दार लावून ओकते. मी दाराशी उभा राहून ऐकलं. ती गोळ्या बाहेर काढते हो." त्यांनी हातातली पिशवी छातीशी धरली. "का करत असेल? पुन्हा तसं व्हावं असं कोणाला वाटेल का?"

मी म्हटलं, परत एकदा लघवी तपासू.

या खेपेला कॅन चार लिटरवर भरला होता. रिपोर्ट आला तीनशे अकरा. डॉक्टर म्हणाले, आता थांबणं धोक्याचं आहे, रक्तात दिसेपर्यंत लिव्हर गेलेलं असेल. सोमवारी दाखल करा, पुन्हा कॅप्सूल सुरू करू, अगदी थोड्या मात्रेने, डोळ्यांसमोर ठेवून. गुरुजींनी विचारलं, "पुन्हा वाचा गेली तर?" डॉक्टर चांगला माणूस आहे, खोटं बोलला नाही. म्हणाला, "जाऊ शकते. परत येईलच असं सांगता येत नाही. पण लिव्हर गेलं तर मुलगीच जाईल."

शुक्रवारी संध्याकाळी मृण्मयी एकटीच आली. कॉलेजची सॅक तशीच पाठीवर. रडून रडून डोळे सुजलेले, पण बोलणं एकदम सरळ.

"ताई, तुमचं मशीन खोटं बोलतंय."

मला राग आला. कोणी माझ्या रिपोर्टला खोटं म्हटलं की मला येतोच. "मशीन खोटं बोलत नाही ग. दोनदा तपासलंय. माणसं बोलतात."

"मग माझ्यासमोर बसा," ती म्हणाली. "मला कॅन द्या. रविवारी घरी या, दिवसभर बसा. मी काय खाते, काय गिळते, कुठे जाते, सगळं बघा. बाबा बघतात तसंच बघा, चालेल मला. पण नंतर जे दिसेल ते डॉक्टरांना सांगा. सोमवारी ते मला कॅप्सूल देतील आणि मंगळवारनंतर मला काही सांगताच येणार नाही."

हे ती शांतपणे म्हणाली म्हणून मी हादरले. ओरडली असती तर मी घालवून दिलं असतं. मंगळवारपर्यंत आपलं म्हणणं मांडून घ्यायचं, असा हिशोब करून ही मुलगी माझ्या दारात आली होती. मी कॅन काढून दिला.

पेठ नाक्याजवळच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आहे. मी रविवारी अकराला पोचले. दारातच हॉस्पिटलची पिशवी भरून ठेवलेली होती. वर टॉवेल, पाण्याची बाटली, आणि बाजूला खोचलेली एक पाटी, पांढरी, पेनने लिहून पुसायची. मी पाटीकडे बघतेय हे मृण्मयीने पाहिलं.

"मागच्या वेळी ऐनवेळी धावपळ झाली होती," ती म्हणाली. "या वेळी मीच आठवणीने ठेवली."

सरोजिनीताई गवार मोडत होत्या, त्यांचा हात थांबला आणि त्या तशाच बसून राहिल्या. गुरुजींनी मला खुर्ची दिली. अकराची गोळी तिने माझ्यासमोर घेतली, जीभ वर करून दाखवली. मी मान खाली घातली. मला स्वतःचीच लाज वाटली.

पाऊण तासाने ती बाथरूममध्ये जाऊन आली आणि तिने लघवीचा मग दाराबाहेर ठेवला. गुरुजी उठले.

"तुम्ही ओतता?" मी विचारलं.

"तिचा हात अजून कापतो थोडा," ते म्हणाले. "सांडलं तर? आधी ही करायची, पण आता मीच करतो. तुम्ही सांगितलंय ना, एकही थेंब वाया नको."

मी त्यांच्यामागे गेले. बाथरूमच्या कोपऱ्यात एक मोठं जुनं घंगाळ होतं, पाण्याने भरलेलं, आणि त्या पाण्यात आमचा कॅन उभा होता. गुरुजी खाली बसले. झाकण उघडलं, मगातली लघवी सावकाश कॅनमध्ये ओतली. नंतर तो मग घंगाळात बुडवला, थोडं पाणी घेतलं, गोल गोल फिरवून विसळला, आणि ते विसळलेलं पाणी कॅनमध्ये ओतलं. परत बुडवला, परत विसळला, परत ओतलं. तर्पणाला बसल्यासारखी त्यांची पाठ ताठ होती.

"असं तीनदा करतो," ते मान न वळवता म्हणाले. "घाटावर यजमानालाही मी हेच सांगतो, तांब्या विसळून तेही सोडा, मागे काही ठेवू नका. पहिल्या खेपेला एकदाच विसळत होतो. आकडा बिघडला तेव्हा वाटलं, आपलंच काही कमी पडलं असेल. म्हणून आता तीनदा."

घंगाळाच्या काठावर जिथे त्यांचा हात घासला होता तिथे लालसर झळाळी होती. चिंचेने घासलेल्या तांब्याला येते तशी.

"गुरुजी, थांबा. हे घंगाळ कशाचं आहे?"

"कशाचं म्हणजे?" ते म्हणाले. "आमच्या आजोबांचं आहे. अंघोळीचं..." आणि थांबले.

"कधीपासून कॅन यात ठेवता?"

"यंदाच. चैत्राचं नवरात्र होतं. फ्रिजमध्ये नैवेद्याचं सोवळ्यातलं सामान, तिथे हे कसं ठेवणार? नळाला पाणी सकाळी तासभर, म्हणून यात भरून ठेवलं. कॅनही गार राहतो, विसळायलाही होतं. नवरात्र संपलं तरी तसंच चालू ठेवलं. परवा स्वच्छ घासूनही घेतलं, चिंच लावून." ते माझ्याकडे बघत होते, मी नाही म्हणावं म्हणून. "पण हे प्यायचं पाणी नाही, ताई. हिच्या पोटात यातला थेंब गेलेला नाही. आम्ही तांबं सगळं बाहेर काढलंय. सगळं."

"पोटात नाही गेलं, गुरुजी," मी म्हटलं. "कॅनमध्ये गेलं."

गुरुजी तो मग तसाच हातात धरून ओल्या फरशीवर टेकले. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी, घासून उघडं पडलेलं तांबं, आणि दिवसातून सात-आठ वेळा तीन-तीन विसळण्या. मुंबईचं मशीन खरं बोलत होतं. त्याने मोजलं ते तांबं खरं होतं, फक्त ते मृण्मयीचं नव्हतं.

ती आमच्यामागे येऊन उभी होती. किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"बाबा," ती म्हणाली, "मी गोळ्या ओकत नव्हते."

"ऐकलंय मी," गुरुजी म्हणाले. "दाराशी उभा होतो."

"ओकायचे ते पोटात आग व्हायची म्हणून. तुम्ही देता त्या तीन, आणि मी मेडिकलमधून आणलेल्या अजून तीन घेत होते. पहिला रिपोर्ट आल्यापासून." तिचा आवाज आता मात्र फुटला. "मला वाटलं, औषध कमी पडतंय. दुप्पट घेतलं तर आकडा खाली येईल. तुम्ही विश्वास ठेवाल. आणि तो अजूनच वर गेला, बाबा. मी अजून घेणार होते."

सरोजिनीताई धावत आल्या आणि त्यांनी मुलीला धरलं. गुरुजी अजून फरशीवरच होते. मी त्यांना हात दिला. मी त्यांना तिथेच सांगून टाकलं, मनात ठेवलं असतं तर जन्मभर खाल्लं असतं. म्हटलं, "तुम्ही मला विचारलं होतं, मगाला लागलेल्याचं काय. मी मान वर करून बघितलं असतं आणि 'नका विसळू' एवढे दोन शब्द बोलले असते, तर यातलं काही झालं नसतं. कॅन दुप्पट भरून आला तेव्हा गोटीरामला कळलं, मला कळलं नाही."

गुरुजी म्हणाले, "तुम्ही थेंब म्हणालात. समुद्र मी ओतला."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, कॅप्सूल थांबवू, पण जास्तीच्या गोळ्या आजपासून बंद, आणि नवीन कॅन आजच द्या. सरोजिनीताईंनी फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला. देवाचं दूध त्यांनी स्वतःच्या हाताने वरच्या कप्प्यात सरकवलं. गुरुजी बघत राहिले, नको म्हणाले नाहीत.

मुंबईहून रिपोर्ट यायला पाच दिवस लागतात. ते पाच दिवस मला झोप नव्हती. घंगाळाचं मी म्हटलं खरं, पण ते चुकीचं निघालं तर? त्या पाण्यानेच आकडा वाढला हे मी ठामपणे सांगितलं होतं, आणि माझ्या सांगण्यावर एका मुलीचं औषध थांबलं होतं. तिच्या अंगात खरंच तांबं साठत असलं तर हे पाच दिवस मी वाया घालवत होते. मंगळवारी गुरुजी येऊन गेले. रिपोर्टचं विचारलं नाही. बाकावर बसले आणि म्हणाले, "आता सकाळी तिला नाव विचारायची भीती वाटते. न विचारायचीही वाटते. ती पाणी मागते ना, तेसुद्धा मी कान देऊन ऐकतो. शब्द जड आला का, लाळेने ओला आला का. काल ती जांभई देत बोलली तर माझा जीवच गेला."

शुक्रवारी रिपोर्ट आला. एक्केचाळीस. मी स्क्रीनसमोर बसून रडले. गोटीरामने माझ्यापुढे चहा ठेवला आणि पेट्या उचलून गेला.

सगळं मिटलं असं मात्र झालं नाही. दुप्पट गोळ्यांनी मृण्मयीच्या पोटाचं नुकसान झालं होतं. जूनपर्यंत पोटातली आग थांबेना, खाल्लेलं अंगी लागेना, वजन उतरलं. आतडं सोलवटलं असेल तर झिंक नीट लागू पडणार नाही, आणि मग पुन्हा त्याच कॅप्सूल, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोन साखरांची चाचणी लिहून दिली. मी म्हटलं, घरी नको. सहा तास इथेच बसवते, माझ्या डोळ्यांसमोर.

परवा बुधवारी सकाळी आठला दोघं आली. गुरुजींच्या हातात काहीच नव्हतं, पिशवीसुद्धा नव्हती. ते बाकाच्या टोकाला बसले आणि हात मांडीखाली घालून ठेवले, लहान मुलं बसतात तसे. मी लेबल आणि पेन घेतलं.

"पूर्ण नाव सांगा."

मृण्मयीने बापाकडे पाहिलं. ते खाली बघत होते, श्वास धरून.

"आज बाबांना विचारा," ती म्हणाली.

"नियम नाही तसा," मी म्हटलं, पण थांबले.

गुरुजींनी मान वर केली. "मृण्..." ते म्हणाले. रामकुंडावरचा तो आवाज, हजारो लोकांची नावं-गोत्रं एका दमात घेणारा. "मृण्म..." पुढे काही येईना. ओठ नुसते हलत राहिले, आणि पाच वर्षांपूर्वी त्याच बाकावर बसलेली मुलगी मला आठवली.

"मृण्मयी वेणीमाधव क्षेमकल्याणी," मुलगी म्हणाली. एकही अक्षर सांडलं नाही. "लिहा, ताई."

मी लिहिलं. साखरेचं पाणी दिलं, तिने तोंड वाकडं करत संपवलं. तासाभराने ती बाथरूममधून मग घेऊन बाहेर आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहून स्वतःच कॅनमध्ये ओतायला लागली. तिचा हात कापत होता. गुरुजी अर्धवट उठले आणि परत खाली बसले.

दोन थेंब फरशीवर पडले. तिने आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. तिने झाकण लावलं आणि तो मग न विसळताच बाजूला ठेवून दिला.